रूट कॅनॉलनंतरचा ठणका : सोसावा कधी, धावावे कधी?

रात्रभर दाढ ठणकलेला माणूस सकाळी कोणत्याही उपचाराला तयार असतो. दंतवैद्य दाढ तपासतात, एक्स-रे काढतात आणि सांगतात, 'कीड नसेपर्यंत गेली आहे. दाढ वाचवायची तर रूट कॅनॉल करावे लागेल.' माणूस मान डोलावतो, दोन-तीन खेपा घालतो, पदरचे पैसे मोजतो आणि 'सुटलो एकदाचा' म्हणत घरी येतो. काही तासांनी भूल उतरते. रात्री भाकरीचा घास चुकून त्या बाजूला जातो आणि मस्तकात कळ जाते. मग घरातल्या सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो, 'नसच काढून टाकली, तर आता दुखते काय?'

प्रश्न रास्त आहे. आम्हा जनरल प्रॅक्टिशनरांकडे तो बहुधा रात्री येतो, कारण तोवर दंतवैद्यांचा दवाखाना बंद झालेला असतो. काही जण तर 'उद्या दाढ काढूनच टाकतो' असे ठरवूनच आलेले असतात. याच्या अगदी उलट वागणारेही आहेत. 'उपचार झालेत, दुखेल थोडे दिवस' असे म्हणून ते औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतात आणि आठ-दहा दिवस ढकलतात. पहिल्या प्रकारात बरी होत आलेली दाढ हकनाक जाते. दुसऱ्या प्रकारात प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून यातले कोणते दुखणे सोसावे आणि कोणते सोसू नये, हे घराघरांत ठाऊक असायला हवे.

नस गेली, तरी दुखते काय?

दाताच्या बाहेर पांढरे, कठीण कवच असते. त्याच्या आत जरा मऊ थर आणि अगदी मधल्या पोकळीत दंतमज्जा असते. तिच्यात बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. यालाच आपण बोलीभाषेत 'नस' म्हणतो. ही पोकळी दाताच्या मुळांत बारीक नळीसारखी टोकापर्यंत गेलेली असते. कीड खोल गेली की जंतू या मज्जेत शिरतात, ती सुजते, पण चारी बाजूंना कठीण भिंत असल्याने सूज पसरायला जागा नसते. म्हणूनच तो जीवघेणा ठणका लागतो.

पण दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा थेट ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचे एक पातळ अस्तर असते. चावताना बसणारे धक्के ते झेलते. या अस्तराला स्वतःचे मज्जातंतू असतात आणि ते फार जागरूक असतात. भातात बारीकसा खडा आला तरी तो क्षणात कळतो, तो याच तंतूंमुळे.

रूट कॅनॉलमध्ये दाताच्या आतली नस काढली जाते. बाहेरचे अस्तर जिवंतच राहते आणि राहायलाही हवे, कारण दात त्याच्याच आधाराने उभा असतो. उपचारानंतर जे दुखते ते बहुतेक वेळा हे अस्तर आणि मुळाच्या टोकाभोवतीचे हाड. मुका मार लागलेल्या जागेसारखे हे दुखणे असते. त्या दातावर दाबले की दुखते, नाहीतर नुसते जड वाटते.

उपचारात नेमके काय होते?

दंतवैद्य दाताला वरून छिद्र करून आतली सडलेली मज्जा काढतात. मग कानशीसारख्या खरखरीत, पण केसासारख्या बारीक सुयांनी प्रत्येक नळी टोकापर्यंत घासून स्वच्छ करतात. मधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने ती धुतात. खालच्या मोठ्या दाढेत सहसा तीन आणि कधी चार नळ्या असतात. वरच्या पहिल्या दाढेत तर चौथी नळी पुष्कळदा असते, पण ती लपलेली असल्याने शोधावी लागते. जंतुसंसर्ग जास्त असेल तर आत औषध ठेवून वर तात्पुरते सिमेंट भरतात आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावतात. शेवटी नळ्यांत गटापर्चा भरून त्या बंद करतात. हा पदार्थ मलाया व आसपासच्या बेटांवरील झाडांच्या चिकापासून मिळतो. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या तारांना याचेच वेष्टण असे.

एवढी घासपूस मुळाच्या टोकापर्यंत झाल्यावर तिथली जागा थोडी सुजणारच. काही वेळा नळीतली घाण कणभर टोकाबाहेर ढकलली जाते आणि शरीर तिचा समाचार घेऊ लागते. तासभर तोंड उघडे ठेवल्याने जबड्याचे स्नायू दुखतात. सुई टोचलेली जागाही एक-दोन दिवस हुळहुळते. यात घाबरण्याजोगे काही नाही.

किती दुखणे रीतीचे?

या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा पाक आणि व्हाइट या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केला. उपचारापूर्वी शंभरातल्या ऐंशीहून अधिक रुग्णांना वेदना होत्या. उपचारानंतर एका दिवसाने हे प्रमाण सुमारे ४० वर आले आणि सात दिवसांनी ११ वर. वेदनेची तीव्रताही अशीच उतरत गेली. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुखणे ही फारच सर्वसाधारण गोष्ट आहे आणि आठवड्याने दुखणारे थोडेच उरतात.

साधारण क्रम असा असतो. पहिला दीड-दोन दिवस दुखणे सर्वांत जास्त. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून स्पष्ट उतार. आठवडाभरात साधे जेवण त्या बाजूने जमू लागते. 'हा दात बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे' ही जाणीव मात्र आणखी दोन-तीन आठवडे रेंगाळू शकते. उपचारापूर्वी दात फार दुखत असेल तर नंतरही जरा जास्त दुखण्याचा संभव असतो.

म्हणून दुखणे किती आहे यापेक्षा ते चढत आहे की उतरत आहे, याकडे लक्ष द्यावे. त्यासाठी एक सोपी युक्ती सांगतो. उपचाराच्या दिवसापासून रोज रात्री झोपताना आपल्या दुखण्याला दहापैकी गुण द्यावेत आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहावेत. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. शेजारी गालाला सूज 'आहे' किंवा 'नाही' एवढेच लिहावे. चार दिवसांत जे चित्र दिसेल ते डॉक्टरांनाही फार उपयोगी पडते.

दोन रुग्ण, दोन दुखणी

माध्यमिक शाळेतल्या एक शिक्षिका उपचारानंतर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, पैसेही गेले आणि दुखणेही राहिले. आता ही दाढ काढूनच टाकते." त्यांना विचारले, पहिल्या रात्री दुखणे दहापैकी किती होते? म्हणाल्या, "आठ तरी असेल." काल? "सहा." आणि आज? थोडा विचार करून म्हणाल्या, "चार." ताप नव्हता, सूज नव्हती. दात मिटताना मात्र ती दाढ बाकीच्यांच्या आधी टेकत होती. त्यांना पुन्हा दंतवैद्यांकडे पाठवले. त्यांनी रंगीत कागद चावायला देऊन उंच राहिलेली जागा शोधली आणि भरलेले सिमेंट जरासे घासले. दोन दिवसांनी बाईंचा निरोप आला, दाढ जागेवर आहे आणि दुखणे गेले आहे.

दुसरे गृहस्थ बाजार समितीत कांद्याचा व्यापार करणारे, दहा वर्षांपासून मधुमेही. पहिल्या खेपेतच त्यांचा ठणका थांबला. हंगामाची धावपळ असल्याने पुढच्या तारखेला ते गेलेच नाहीत. दोन महिन्यांनी तात्पुरते सिमेंट निघून गेले आणि दाढ पुन्हा दुखू लागली. अकरा दिवस त्यांनी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर काढले. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कालपासून दुखणे तसे कमी आहे, पण तोंड उघडत नाही." जबड्याखाली मोठी सूज, १०२ ताप, तोंडात जेमतेम एक बोट शिरेल एवढी फट, रक्तातली साखर ३८० वर. त्यांना तासाभरात जिल्ह्याच्या ठिकाणी इस्पितळात पाठवावे लागले. तिथे चिरा देऊन पू काढला, शिरेतून औषधे दिली. गृहस्थ वाचले, दाढ गेली.

या दुसऱ्या उदाहरणातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. शेवटच्या दिवशी त्यांचे दुखणे कमी झाले होते. हाडात कोंडलेला पू हाड फोडून बाहेरच्या मऊ भागात उतरला की आतला दाब कमी होतो आणि ठणका एकदम ओसरतो. रुग्णाला वाटते, बरे वाटू लागले. प्रत्यक्षात आजार पुढच्या पायरीवर गेलेला असतो. म्हणून वर सांगितलेल्या नियमाला एक जोड आहे : दुखणे उतरले पण सूज चढली, तर ते उतरणे खरे मानू नये.

दुखणे चढत असेल तर कारण काय?

तिसऱ्या दिवसानंतरही दुखणे वाढत असेल किंवा थांबलेले दुखणे पुन्हा सुरू झाले असेल, तर त्याला कारण असते आणि बहुतेक कारणांवर इलाज आहे.

१) भरलेले सिमेंट किंवा कॅप उंच असणे : दात मिटताना तोच दात आधी टेकतो. प्रत्येक घासाला त्यावर हातोडी पडल्यासारखे होते. पाच मिनिटांच्या कामाने आराम पडतो.

२) जंतुसंसर्ग उसळणे : एक-दोन दिवसांत तीव्र ठणका आणि सूज येते. दात पुन्हा उघडून साफ करावा लागतो, क्वचित हिरडीला चीर देऊन पू काढावा लागतो.

३) एखादी नळी राहून जाणे : उपचार झालेल्या दाताला गार-गरम कळायला नको. गरम चहाने त्याच दातात कळ येऊन ती रेंगाळत असेल, तर राहिलेल्या नळीची शंका घ्यावी. शेजारचा दातही किडलेला असू शकतो. दुखणारा दात नेमका कोणता, हे रुग्णाला पुष्कळदा ओळखता येत नाही.

४) तात्पुरते सिमेंट पडणे : लाळ आणि अन्न आत जाते, जंतू पुन्हा ठाण मांडतात. सिमेंट निघाल्याचे जिभेला कळले की त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी जाऊन भरून घ्यावे.

५) दाताला तडा जाणे : चावून सोडताना चमक येते, किंवा दाताजवळच्या हिरडीवर एकाच जागी पुटकुळी येऊन पू येत राहतो. तडा मुळापर्यंत उभा गेला असेल तर मात्र दात बहुधा काढावा लागतो.

दुखणे दातात, कारण दुसरीकडे

काही वेळा दात बिचारा निर्दोष असतो. सर्दीनंतर वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, खाली वाकल्यावर गाल व कपाळ जड होते. अशा वेळी नाकालगतच्या पोकळ्यांची सूज असू शकते. तोंड धुताना, दाढी करताना गालात विजेसारखी चमक येऊन काही सेकंदांत जात असेल, तर तो चेहऱ्याच्या मज्जातंतूचा विकार असू शकतो. त्याची औषधे वेगळी आहेत. त्यासाठी एकामागून एक दात काढून घेणारे रुग्ण असतात आणि दुखणे तसेच राहते.

सर्वांत महत्त्वाचे हृदयाचे. जिना चढताना, भरभर चालताना जबडा दुखू लागतो आणि थांबल्यावर थांबतो, असे होत असेल तर दातापेक्षा हृदयाची तपासणी आधी करावी. जबड्याच्या दुखण्यासोबत दरदरून घाम, छातीत दाब, धाप किंवा मळमळ असेल, तर एक क्षणही न दवडता इस्पितळ गाठावे. मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि तंबाखू-विडी घेणारे यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

घरी काय करावे?

भूल उतरेपर्यंत काही खाऊ नये आणि गरम चहा घेऊ नये. ओठ बधिर असल्याने चावला गेला किंवा भाजला तरी कळत नाही. लहान मुलांवर तर नजरच ठेवावी. पहिले काही दिवस मऊ भात, खिचडी, मऊ पोळी असे खावे आणि दुसऱ्या बाजूने चावावे. कडक भाकरी, चिक्की, सुपारी, फुटाणे वर्ज्य. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात. त्या दाताला ब्रश लावायचे टाळू नये, फक्त हलक्या हाताने घासावे. पहिल्या दिवशी बर्फ रुमालात गुंडाळून गालावर बाहेरून दहा मिनिटे धरावा, मग थोडी विश्रांती देऊन पुन्हा धरावा. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त जाते आणि ठणका वाढतो, म्हणून रात्री एक उशी जास्त घ्यावी.

औषधांबद्दल. दुसरा कोणताही आजार नसलेल्या प्रौढ माणसाने आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅमची गोळी जेवणानंतर, सहा ते आठ तासांच्या अंतराने, दिवसात जास्तीत जास्त तीन वेळा घ्यावी. ती पुरेशी न पडल्यास सोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम घेता येते. दोन्ही मिळून एकट्यादुकट्या गोळीपेक्षा चांगला गुण येतो. पॅरासिटामॉल दिवसभरात तीन ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. बाजारात या दोन्ही औषधांची एकत्र गोळीही मिळते, तेव्हा पाकिटावरची नावे वाचावीत, नाहीतर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. दोन-तीन दिवसांनंतरही गोळीवाचून चालत नसेल तर गोळी बदलत बसू नये, दंतवैद्यांकडे जावे.

आयब्युप्रोफेन सर्वांना चालत नाही. मूत्रपिंडाचा विकार, पोटात अल्सर, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, काही दमेकरी आणि गरोदर स्त्रिया यांनी ते आपल्या मनाने घेऊ नये. त्यांनी पॅरासिटामॉलवर भागवावे आणि डॉक्टरांना विचारावे. यकृताचा विकार असलेल्यांनी व नियमित दारू घेणाऱ्यांनी मात्र पॅरासिटामॉलदेखील विचारूनच घ्यावे. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंगीची शंका असेल तर आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घेऊच नये, रक्तस्रावाचा धोका असतो. बारा वर्षांखालील मुलांना नायमेसुलाइड देण्यावर आपल्या देशात २०११ सालापासून बंदी आहे. घरात मोठ्यांसाठी आणलेली ती गोळी अर्धी करून मुलाला देऊ नये. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर दाताच्या भीतीने ती परस्पर बंद करू नये.

काय करू नये?

दुखऱ्या दाढेजवळ अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरण्याची सवय पुष्कळांना आहे. तिने दुखणे थांबत नाही, हिरडी आणि गाल मात्र आतून पांढरे पडून भाजतात. लवंगेच्या तेलाचेही तसेच. त्यातल्या द्रव्याने उघड्या, किडलेल्या दाताला थोडी बधिरता येते हे खरे, पण ज्या दातातली नस काढून वरून सिमेंट भरले आहे, त्याला ते बाहेरून लावून काय होणार? ते पोहोचते फक्त हिरडीपर्यंत आणि तिथे चरचरते.

सूज असलेल्या गालाला बाहेरून शेक देऊ नये. शेकाने सूज आणखी पसरू शकते. मिश्री, गुल, तंबाखू यांनी दुखणे दबल्यासारखे वाटते, पण जखम भरून येण्यात अडथळा येतो. शिवाय तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे सर्वांना ठाऊक आहेच.

आणखी एक सवय म्हणजे दुखले की अँटिबायोटिक. 'मागच्या वेळच्या चार गोळ्या उरल्यात' म्हणून त्या घेतल्या जातात. अँटिबायोटिक हे वेदनाशामक नव्हे. शिवाय मेलेल्या मज्जेत रक्तपुरवठाच नसतो, मग रक्तातून जाणारे औषध तिथे पोहोचणार कसे? अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की दातावर प्रत्यक्ष उपचार करता येत असतील तर अशा बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिकची गरज नसते. ताप, पसरती सूज, अंग मोडून येणे अशी लक्षणे असतील तेव्हा डॉक्टर ते देतील, तेही दातावरच्या उपचारांच्या जोडीला. दिलेच तर सांगितल्याप्रमाणे घ्यावे, उरवून ठेवू नये.

ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका

जबड्याखाली किंवा गळ्यावर सूज. जीभ वर उचलल्यासारखी होणे. गिळायला त्रास, लाळ गळणे, आवाज घोगरा होणे. तोंड न उघडणे. श्वास घ्यायला जड वाटणे. डोळ्याभोवती सूज. थंडी वाजून ताप. यांपैकी काहीही असले तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, इस्पितळात जावे. जबड्याखाली पसरणाऱ्या या संसर्गाचे वर्णन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली केले. आजही तो वेळेवर न ओळखल्यास घशाशी सूज येऊन श्वास कोंडतो. मधुमेह्यांत तो फार वेगाने पसरतो. म्हणून मधुमेही रुग्णांनी दातावर उपचार करण्यापूर्वी आणि नंतरही साखर तपासून आटोक्यात ठेवावी.

दुखणे थांबले, काम संपले नाही

व्यापारी गृहस्थांनी जे केले ते आपल्याकडे सर्रास चालते. पहिल्या खेपेत मज्जा निघते आणि दुखणे थांबते. मग शेताची कामे, लगीनसराई, मुलांच्या परीक्षा यांत पुढची तारीख मागे पडते. नस गेलेली असल्याने दात बोलत नाही. जंतू आत मुकाट्याने आपले काम करीत राहतात.

तसेच कॅपचे. किडीमुळे आणि उपचारासाठी पाडलेल्या छिद्रामुळे दाढ पोखरलेली असते. कडक सुपारीवर ती दुभंगायला वेळ लागत नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कॅप न बसवलेले दात गमावण्याचे प्रमाण कॅप बसवलेल्यांच्या सहापट आढळले. पुढच्या दातांना प्रत्येक वेळी कॅप लागतेच असे नाही, दाढांना मात्र बहुधा लागते. पैशांची अडचण असेल तर दंतवैद्यांना तसे मोकळेपणाने सांगावे. साध्या धातूची कॅपदेखील काम चोख बजावते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथे हे उपचार खासगीपेक्षा कमी खर्चात होतात. जिल्हा रुग्णालयातही दंतविभागात चौकशी करावी.

मग दात काढलेलाच बरा का?

'वरचा दात काढला की नजर कमी होते' असे एकीकडे म्हणायचे आणि दुसरीकडे जरा ठणका लागला की दात उपटायला निघायचे, अशी आपली गंमत आहे. दात काढल्याने नजर जात नाही, कारण डोळ्याची नस वेगळी आहे. पण दात गेल्याने चावण्याची शक्ती जाते, शेजारचे दात त्या फटीत कलतात आणि समोरचा दात लांबतो. पुढे कृत्रिम दात बसवायचा खर्च रूट कॅनॉलपेक्षा सहसा जास्तच होतो. अमेरिकेतील विमाधारकांच्या १४ लाखांहून अधिक दातांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. रूट कॅनॉल केलेल्या दातांपैकी ९७ टक्के दात आठ वर्षांनंतरही तोंडात टिकून होते. चार दिवसांच्या दुखण्यासाठी असा दात घालवणे शहाणपणाचे नाही. उपचार फसला असे वाटले तरी पुष्कळदा तो पुन्हा करता येतो. त्यासाठी या विषयात एम.डी.एस. झालेल्या तज्ज्ञांचे मत घ्यावे.

थोड्या जणांना सहा महिन्यांनंतरही काही ना काही दुखत राहते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० साली काढलेला आकडा शंभरात सुमारे पाच असा आहे. त्यातल्या बऱ्याच जणांच्या दुखण्याचे मूळ त्या दातात नसतेच. अशांनी निराश होऊन दात काढण्यापेक्षा तज्ज्ञांकडून दुखण्याचे मूळ शोधून घ्यावे.

थोडक्यात, उपचारानंतर चार दिवस कॅलेंडरकडे लक्ष ठेवावे. आकडे उतरत असतील आणि सूज नसेल तर धीर धरावा. आकडे चढत असतील तर दुसऱ्याच दिवशी दंतवैद्यांकडे जावे. सूज गळ्याकडे सरकत असेल तर आकडे बघत बसू नये, त्याच घटकेला निघावे. आणि सगळे शून्यावर आले तरी कॅलेंडरवर एक चौकट लाल पेनाने रंगवून ठेवावी, पुढच्या खेपेच्या तारखेची.